पदवी, कौशल्य आणि उपजीविका : ‘कोसला’ व ‘बारोमास’ या कादंबऱ्यांच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

‘पदवी आहे, पण कौशल्य नाही’ हे विधान गेल्या काही वर्षांत उच्च शिक्षणाविषयीच्या प्रत्येक चर्चासत्रात, प्रत्येक उद्घाटनपर भाषणात आणि जवळजवळ प्रत्येक धोरणविषयक दस्तऐवजात ऐकू येते. विद्यापीठात शिकत असतानाच विद्यार्थ्याने नोकरी-व्यवसायासाठी लागणारी कौशल्ये आत्मसात करावीत, ही अपेक्षा आता केवळ अपेक्षा राहिलेली नाही. ती श्रेयांकांच्या रूपाने अभ्यासक्रमाचा अनिवार्य भाग झाली आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार महाराष्ट्रात स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी रचना लागू झाली. मुख्य व दुय्यम विषयांच्या जोडीला व्यावसायिक कौशल्य अभ्यासक्रम, कौशल्य संवर्धन अभ्यासक्रम, क्षेत्रप्रकल्प, समाजसहभाग आणि कार्यप्रशिक्षण असे अनेक घटक तीत समाविष्ट आहेत.

या बदलाची चर्चा प्रामुख्याने प्रशासकीय अंगाने होते. कोणत्या सत्रात किती श्रेयांक, कोणाचा कार्यभार किती कमी होणार, मूल्यमापन कसे करायचे, हेच प्रश्न शिक्षककक्षात अधिक ऐकू येतात. ते गौण आहेत असे नाही. तथापि, ‘विद्यार्थी शिकत असताना जगण्यासाठी नेमके काय कमावतो?’ हा मूळ प्रश्न त्यांच्या गर्दीत मागे पडतो. मराठी कादंबरीने हा प्रश्न फार पूर्वीच विचारला आहे. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ (१९६३) आणि सदानंद देशमुख यांची ‘बारोमास’ (२००२) या दोन कादंबऱ्या ग्रामीण शेतकरी कुटुंबातून उच्च शिक्षणाकडे गेलेल्या तरुणाचे चित्रण करतात. दोहोंत सुमारे चार दशकांचे अंतर आहे. या दोन कलाकृतींच्या आधारे ‘कौशल्य’ या संकल्पनेची चिकित्सा करणे आणि त्या प्रकाशात आजच्या रचनेकडे पाहणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. ‘कौशल्य’ या संज्ञेची पूर्वपीठिका

‘कुशल’ या शब्दाची पारंपरिक व्युत्पत्ती साहित्यशास्त्राच्या अभ्यासकांस परिचित आहे. मम्मटाने ‘काव्यप्रकाशा’त रूढी लक्षणेचे उदाहरण म्हणून हाच शब्द घेतला आहे. कुश म्हणजे दर्भ आणणारा तो कुशल, हा मूळ अर्थ मागे पडून ‘निपुण’ हा अर्थ रूढ झाला. दर्भाची पाती धारदार असते. हात कापू न देता ती उपटण्यासाठी दृष्टी, हात आणि अवधान यांचा मेळ लागतो. कौशल्याच्या मूळ कल्पनेतच इजा होण्याची शक्यता आणि ती टाळण्याचा सराव या दोन गोष्टी अंतर्भूत आहेत, हे येथे लक्षात घ्यावयास हवे. धोका नसलेल्या, चूक होण्यास वाव नसलेल्या ठिकाणी कौशल्य निर्माण होत नाही. तेथे फक्त माहिती मिळते.

शिक्षणाचा व्यवहाराशी संबंध असावा, ही मागणीही महाराष्ट्राला नवी नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात तत्कालीन उच्च शिक्षण कारकून आणि शाळामास्तर घडविण्यापुरते उपयोगी असून इतर जीवनव्यवहारास ते अपुरे आहे, अशा आशयाची टीका केली होती. प्राथमिक शिक्षणात मोडी व बालबोध लेखन-वाचनाबरोबर हिशेब, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्य यांचा समावेश त्यांनी सुचविला होता. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेने ‘कमवा आणि शिका’ या तत्त्वाला संस्थात्मक रूप दिले. महात्मा गांधींनी १९३७ मध्ये वर्धा येथील परिषदेत हस्तोद्योगाला शिक्षणाचे केंद्र मानणारी योजना मांडली. कोठारी आयोगाने (१९६४-६६) ‘कार्यानुभव’ ही कल्पना पुढे आणली.

या परंपरेत आणि आजच्या ‘रोजगारक्षमता’ या परिभाषेत एक महत्त्वाचा भेद आहे. फुले यांचा रोख व्यवस्थेकडे होता. शिक्षण कोणासाठी आहे आणि त्याचा खर्च कोण सोसतो, असा त्यांचा प्रश्न होता. कर्मवीरांच्या योजनेत विद्यार्थ्याच्या श्रमाला मोल होते. त्या मोलावर त्याचे जेवण, निवास आणि शिक्षण चालत असे. ‘रोजगारक्षमता’ या शब्दात मात्र उणीव विद्यार्थ्याच्या ठायी आहे, हे आधीच गृहीत धरलेले असते. रोजगार नसला तर तो विद्यार्थी क्षम नाही म्हणून, असा अर्थ त्या शब्दाच्या घडणीतच दडलेला आहे. हे गृहीतक तपासून पाहण्यासाठी प्रस्तुत दोन कादंबऱ्या उपयोगी पडतात.

२. ‘कोसला’ : अभ्यासक्रमाबाहेरची शाळा

‘कोसला’तील पांडुरंग सांगवीकर खानदेशातील सांगवी या गावातून पुण्यास महाविद्यालयीन शिक्षणासाठी येतो. मराठी समीक्षेने या कादंबरीचा विचार अस्तित्ववादी जाणिवेच्या, भाषिक बंडाच्या आणि पुढे देशीवादाच्या अंगाने विपुल केला आहे. तथापि, विद्यार्थी महाविद्यालयात काय शिकतो याचा एक तपशीलवार आलेख म्हणून तिचे वाचन तुलनेने कमी झाले आहे.

पांडुरंगाच्या पुण्यातील वास्तव्यात वर्गखोलीला फारसे स्थान नाही. त्याचे खरे विद्यार्थीजीवन वसतिगृहाची खोली, मेस, वादविवाद मंडळ, स्नेहसंमेलनातील नाटक, मित्रांबरोबरची भटकंती यांत घडते. आजच्या परिभाषेत या प्रत्येक गोष्टीला एक भारदस्त नाव देता येईल. मेस चालविणे म्हणजे वित्तीय व्यवस्थापन, वादविवाद मंडळाची जबाबदारी म्हणजे संप्रेषण कौशल्य, नाटक बसविणे म्हणजे संघकार्य आणि नेतृत्व! कौशल्यांची अशी यादी करून तिच्यापुढे खुणा करीत गेल्यास पांडुरंगाचा ‘सर्वांगीण विकास’ कागदोपत्री सहज सिद्ध होईल.

प्रत्यक्षात कादंबरी नेमके याच्या उलट दाखविते. पांडुरंग जे जे अंगावर घेतो, त्यात त्याचा वेळ, पैसा आणि उमेद खर्ची पडते. मेसचा कारभार अंगाशी येतो. उदारपणाने केलेल्या खर्चाची परिणती कर्जात आणि वडिलांच्या रोषात होते. सार्वजनिक कार्यातील प्रतिष्ठा क्षणिक ठरते आणि ज्यांच्यासाठी हे केले ती माणसे आपापल्या वाटेने निघून जातात. अखेरीस शिक्षणाची सांगता न करताच तो गावी परततो.

येथे प्रश्न असा उपस्थित होतो की, पांडुरंग यातून काही शिकला की नाही? या प्रश्नाला ‘नाही’ असे सरळ उत्तर देता येत नाही. माणसे कशी वागतात, पैसा कसा जातो, मोठेपणाची किंमत काय असते, हे त्याला कळते. पण हे कळणे महाविद्यालयाच्या कोणत्याही व्यवस्थेत उमटत नाही. मेसमध्ये तूट आली तेव्हा तिचा हिशेब त्याच्याबरोबर बसून पाहणारा कोणी अध्यापक कादंबरीत नाही. ‘कोठे चुकले?’ हा प्रश्न त्याला विचारला जात नाही. वडील विचारतात तो ‘पैसे कोठे गेले?’ हा प्रश्न वेगळा आहे. पहिल्या प्रश्नातून शिक्षण घडू शकते. दुसऱ्यातून केवळ अपराधभाव निर्माण होतो. ‘कोसला’तील महाविद्यालय विद्यार्थ्याला अनुभव पुरविते, परंतु त्या अनुभवाचे शिक्षणात रूपांतर करण्याची जबाबदारी घेत नाही. हा या कादंबरीने शिक्षणव्यवस्थेवर ठेवलेला सर्वांत गंभीर आरोप होय, असे म्हणता येईल.

याच संदर्भात कादंबरीच्या रूपाचा विचार करणे उचित ठरेल. रोजनिशी, बखरीच्या भाषेचे विडंबन, भावी इतिहासकारांच्या नजरेतून वर्तमानाकडे पाहणे अशा अनेक रीती नेमाडे यांनी वापरल्या आहेत. सुरेश आणि पांडुरंग यांच्या बोलण्यातील इतिहाससंशोधनाची थट्टा वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. ही थट्टा करण्यासाठी बखर म्हणजे काय, पुरावा म्हणजे काय, इतिहासकार कोणत्या थाटात लिहितो, हे आधी ठाऊक असावे लागते. म्हणजेच विद्याशाखेने दिलेले ज्ञान येथे हत्यारासारखे वापरले गेले आहे. पांडुरंगाने मेसचा जो हिशेब तेव्हा मांडला नाही, तो पंचविसाव्या वर्षी निवेदक म्हणून तो मांडतो. ‘कोसला’ हीच ती हिशेबवही आहे. स्वतःच्या अनुभवाची क्रमवार, निर्दय आणि तरीही विनोदबुद्धी शाबूत ठेवून केलेली मांडणी ही त्याने कमावलेली खरी विद्या होय. ती त्याला कोणत्याही ‘कौशल्य’ घटकातून मिळालेली नाही. भाषा, इतिहास आणि वाचन यांतून मिळाली आहे. मानव्यविद्या ‘निरुपयोगी’ असल्याचे मत मांडणाऱ्यांनी या बाबीचा विचार करणे अगत्याचे आहे.

३. ‘बारोमास’ : कौशल्याची उणीव की संधीची?

‘कोसला’चा नायक पदवीच्या वाटेवरून परत फिरतो, ‘बारोमास’चा नायक ती वाट पूर्ण चालतो. विदर्भातील शेतकरी कुटुंबातला एकनाथ उच्चशिक्षित आहे; शिक्षकाच्या नोकरीसाठी लागणारी पात्रता त्याच्यापाशी आहे. २००४ च्या साहित्य अकादमी पुरस्काराने सन्मानित झालेल्या या कादंबरीची चर्चा शेतकरी जीवनाचे आणि कृषिसंकटाचे चित्रण म्हणून प्रामुख्याने झाली व ती योग्यच आहे. परंतु तिचा दुसरा विषय सुशिक्षित बेकारी हा आहे आणि हे दोन विषय एकमेकांपासून वेगळे काढता येत नाहीत.

एकनाथच्या ठायी कशाची उणीव आहे? त्याला विषय येतो, भाषा येते, शेतीचे श्रमही त्याला परके नाहीत. भोवतालच्या परिस्थितीचे त्याचे आकलन कोणत्याही तज्ज्ञापेक्षा कमी नाही. त्याला नोकरी मिळत नाही, कारण नोकरीसाठी संस्थेला द्यावयाची रक्कम त्याच्याकडे नाही. ती उभी करावयाची तर जमीन विकावी लागेल, आणि जमीन हाच कुटुंबाचा अखेरचा आधार आहे. येथे ‘पदवी आहे, पण कौशल्य नाही’ हे निदान पूर्णतः चुकीचे ठरते. पदवी आहे, कौशल्यही आहे. नाही ती केवळ रक्कम. अशा तरुणास मुलाखत कशी द्यावी याचे दोन श्रेयांकांचे प्रशिक्षण दिले असते, तर त्याच्या स्थितीत कोणता फरक पडला असता?

पदवीचा परिणाम कौटुंबिक संबंधांवर कसा होतो, हेही कादंबरी सूक्ष्मपणे दाखविते. पत्नी अलका हिच्या अपेक्षा नोकरदार नवऱ्याच्या कल्पनेशी निगडित आहेत. त्या पूर्ण होत नाहीत तेव्हा घरात निर्माण होणारा ताण हा दोन स्वभावांचा झगडा राहत नाही. शिक्षणाने दिलेले आणि न पाळलेले वचन त्याच्या मुळाशी असते. शिक्षणाने एकनाथला शेतीपासून मनाने दूर नेले आणि नोकरीपर्यंत पोहोचवले नाही. या मधल्या जागेत तो बारा महिने उभा आहे. शेतकऱ्याचे कष्ट बारमाही असतात, तशी सुशिक्षित बेकाराची प्रतीक्षाही बारमाही असते, हा शीर्षकाचा आणखी एक अर्थ येथे सूचित होतो.

‘बारोमास’ प्रसिद्ध झाल्यानंतर परिस्थितीत काही बदल झाले, याची नोंद करणे न्याय्य ठरेल. राज्यात २०१३ पासून शिक्षक पात्रता परीक्षा सुरू झाली आणि शालेय शिक्षकभरतीसाठी २०१७ मध्ये पवित्र प्रणाली आणण्यात आली. भरतीतील आर्थिक व्यवहारास आळा बसावा, हा या बदलांमागील एक हेतू होता. परंतु परीक्षा पारदर्शक झाल्याने जागा वाढत नाहीत. एकनाथच्या पुढच्या पिढीला संस्थाचालकाच्या दारात उभे राहण्याऐवजी स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकेत वर्षानुवर्षे बसावे लागते, एवढाच फरक पुष्कळदा दिसतो. प्रतीक्षेचे ठिकाण बदलले. प्रतीक्षा संपली नाही.

४. या वाचनाच्या मर्यादा

कादंबरी हा सांख्यिकी पुरावा नव्हे. पांडुरंग वा एकनाथ यांच्यावरून सर्व विद्यार्थ्यांविषयी विधान करणे अशास्त्रीय ठरेल. शिवाय दोन्ही नायक पुरुष आहेत आणि जमीन असलेल्या कुटुंबांतील आहेत. पांडुरंगाच्या चुकांचा खर्च सोसणारा सधन बाप त्याच्यामागे आहे. परत जाण्यासाठी त्याला घर आणि शेत आहे. भूमिहीन कुटुंबातील विद्यार्थ्याला अशी चूक परवडत नाही. नवनाथ गोरे यांच्या ‘फेसाटी’ (२०१७) या कादंबरीत हाच प्रवास वेगळ्या तळातून आला आहे. तेथे शिकणे आणि मजुरी करणे एकाच वेळी चालते आणि श्रम हा ‘अनुभव’ म्हणून निवडलेला नसतो, तो लादलेला असतो. विद्यार्थिनींच्या बाबतीत तर शिकत असताना घरकाम, परगावी जाण्यावरील निर्बंध आणि शिक्षण अर्ध्यावर असताना ठरणारा विवाह हे घटक निर्णायक ठरतात. प्रस्तुत दोन कादंबऱ्यांतून त्यांचे उत्तर मिळत नाही.

तरीही कादंबरीचे साक्ष म्हणून मोल आहे. ती सरासरी सांगत नाही. कारणांची साखळी दाखविते. धोरणात ‘अनुभव’ हा एक रकाना असतो. कादंबरी त्या रकान्यात प्रत्यक्ष काय घडते ते सांगते.

५. आजची रचना : तीन कसोट्या

वरील विवेचनातून कौशल्यशिक्षणाच्या तीन कसोट्या निश्चित करता येतात. अनुभवाचा हिशेब मांडला जातो का, चुकीचा खर्च कोण सोसतो, आणि वाटेच्या शेवटी काही आहे का, या त्या होत.

पहिली कसोटी मराठी विभागांना परिचित असलेल्या एका उदाहरणाने स्पष्ट होईल. अनेक ठिकाणी मुद्रितशोधन हा कौशल्य अभ्यासक्रम म्हणून शिकविला जातो. निवड उत्तम आहे. परंतु मुद्रितशोधन म्हणजे केवळ शुद्धलेखनाचे नियम नव्हेत. मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम शासनाने १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये आणखी चार नियमांची भर पडली. हे अठरा नियम पाठ असलेला विद्यार्थी मुद्रितशोधक होतोच असे नाही. मूळ प्रतीशी ताडून वाचणे, समासात ठराविक खुणा करणे, दुसऱ्या मुद्रितात पहिल्यातील दुरुस्त्या खरोखर झाल्या आहेत का ते पाहणे, जुन्या टंकातील मजकूर युनिकोडमध्ये आणताना फुटलेली जोडाक्षरे हेरणे, लेखकाची शैली आणि लेखकाची चूक यांतील भेद ओळखणे, हे सर्व त्या कामात येते. ते प्रत्यक्ष मुद्रिते हाताळल्याविना येत नाही. सत्रान्त परीक्षेत ‘मुद्रितशोधनाचे महत्त्व स्पष्ट करा’ असा प्रश्न विचारून दिलेले गुण हे कौशल्याचे मूल्यमापन नव्हे. महाविद्यालयाचा वार्षिक अंक जर बाहेरच्या मुद्रणालयात दुरुस्त होत असेल आणि त्याच वेळी वर्गात मुद्रितशोधन शिकविले जात असेल, तर विसंगती अन्यत्र शोधण्याची गरज नाही. त्याच अंकाची मुद्रिते विद्यार्थ्यांच्या हाती द्यावीत, राहिलेल्या चुका छापून आल्यावर त्यांच्यासह बसून मोजाव्यात. पांडुरंगाला जो हिशेब कोणी विचारला नाही, तो असा विचारता येतो.

दुसरी कसोटी कार्यप्रशिक्षणास लागू पडते. पदवी स्तरावर यासाठी चार श्रेयांक ठेवण्यात आले आहेत. पुणे-मुंबईच्या महाविद्यालयांना जी क्षेत्रे उपलब्ध आहेत, ती तालुक्याच्या ठिकाणी नाहीत. कला शाखेच्या संपूर्ण वर्गाने कोठे जावे? ग्रामपंचायत, पतसंस्था, दूध संस्था, बाजार समिती, सार्वजनिक वाचनालय, स्थानिक वृत्तपत्राचे कार्यालय, सेवा केंद्र अशी मोजकी ठिकाणे उरतात. यांपैकी काही ठिकाणी उत्तम शिक्षण होऊ शकते. पण जेथे ते होत नाही, तेथे दोन विकृती संभवतात. एकतर विद्यार्थी नुसतेच प्रमाणपत्र आणतो, किंवा त्याच्याकडून विनामोबदला सांगकाम्याचे काम करून घेतले जाते. जाण्यायेण्याचा खर्च, बुडालेली मजुरी, सायंकाळनंतर परतण्याची अडचण यांचा भार मात्र विद्यार्थ्याच्या घरावर पडतो. कर्मवीरांच्या योजनेत विद्यार्थी काम करून शिक्षणाचा खर्च भागवीत असे. आज विद्यार्थी खर्च करून काम मिळवितो. ही उलटापालट लहान नाही. दर्भ उपटताना हात कापला गेला तर तो कोणाचा, हा प्रश्न येथे अलंकारिक राहत नाही.

तिसरी कसोटी सर्वांत कठीण आहे, कारण तिचे उत्तर महाविद्यालयाच्या हाती नाही. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. पदवीधरास दरमहा दहा हजार रुपये विद्यावेतन देऊन आस्थापनांत प्रत्यक्ष कामाचा अनुभव देणारी ही योजना प्रारंभी सहा महिन्यांची होती. पुढे मुदत वाढविण्यात आली. श्रमाला मोल देणारी म्हणून ती स्वागतार्ह आहे. पण मुदत वाढविण्याची मागणी होते यातच प्रशिक्षणानंतर काय, हा प्रश्न अनुत्तरित असल्याचे सूचित होते. एकनाथचा प्रश्न हाच होता. महाविद्यालय नोकऱ्या निर्माण करू शकत नाही. परंतु त्या नसताना ‘तुझ्यात कौशल्य नाही म्हणून तुला काम नाही’ असे विद्यार्थ्याला सांगण्याचे ते निश्चितच टाळू शकते.

६. अध्यापकाची बाजू

कौशल्यशिक्षणाच्या चर्चेत अध्यापक हा केवळ अंमलबजावणी करणारा घटक मानला जातो. नेमाडे यांच्या ‘बिढार’, ‘हूल’, ‘जरीला’ आणि ‘झूल’ (१९७५ ते १९७९) या चतुष्टयातील चांगदेव पाटील गावोगावच्या महाविद्यालयांतून अध्यापनाची नोकरी करीत फिरतो. संस्थाचालक, गटबाजी, अस्थैर्य यांच्या चित्रणातून शिकविणाऱ्याची उपजीविकाच किती डळमळीत असू शकते, हे तेथे दिसते. आज राज्यातील अनेक महाविद्यालयांत कौशल्य अभ्यासक्रमांचे तास तासिका तत्त्वावरील अध्यापकांकडे आहेत. एम.ए., एम.फिल., नेट, सेट, क्वचित पीएच.डी. अशा सर्व पात्रता मिळवूनही ज्याला स्वतःला कायम नोकरी नाही, त्याने विद्यार्थ्याला ‘करिअर नियोजन’ शिकवावे, हा उपरोध कोणत्याही कादंबरीकारास सुचला असता. हा अध्यापक रोजगारक्षम आहे. त्याला रोजगार नाही. त्याचे अस्तित्व हेच ‘कौशल्य असेल तर काम मिळते’ या सूत्राचे वर्गात उभे असलेले खंडन होय.

असे असले तरी याच अध्यापकाकडे विद्यार्थ्याला देण्याजोगे काही आहे. तो खोटे आश्वासन न देता बोलू शकतो. कोणत्या वाटेला किती वर्षे लागतात, कोणती परीक्षा कितीदा द्यावी, कोठे थांबावे, याचे प्रामाणिक ज्ञान त्याने स्वतःच्या किमतीवर कमावलेले असते. ‘कोसला’तील महाविद्यालयात जो अध्यापक नव्हता, तो होण्याची शक्यता त्याच्या ठायी आहे, मात्र त्यासाठी पुढच्या वर्षी तो त्या महाविद्यालयात असावा लागेल.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) शिक्षणाचा जीवनव्यवहाराशी संबंध असावा ही महाराष्ट्रातील जुनी आणि पुरोगामी मागणी आहे. कौशल्यशिक्षणाला सरसकट विरोध करणे म्हणजे फुले-कर्मवीर परंपरेकडे पाठ फिरविणे होय.

२) तथापि, त्या परंपरेत उणीव व्यवस्थेत शोधली जाई, ‘रोजगारक्षमता’ या परिभाषेत ती विद्यार्थ्यात शोधली जाते. ‘बारोमास’ हे निदान किती अपुरे आहे ते दाखविते.

३) अनुभव म्हणजे शिक्षण नव्हे. अनुभवाचा हिशेब मांडण्यास साहाय्य करणारी व्यवस्था नसेल तर त्यातून केवळ नुकसान आणि अपराधभाव उरतो, हे ‘कोसला’वरून स्पष्ट होते.

४) कार्यप्रशिक्षणाचा प्रवासखर्च व बुडीत मजुरी यांची तरतूद झाल्याशिवाय ते निर्धन विद्यार्थ्यांसाठी आणि विद्यार्थिनींसाठी संधी न ठरता अडथळा ठरण्याचा संभव आहे.

५) भाषा व साहित्याच्या विभागांनी कौशल्य अभ्यासक्रम निवडताना जे काम महाविद्यालयात प्रत्यक्ष उपलब्ध आहे, त्यापासून आरंभ करावा. वार्षिक अंक, ग्रंथालयातील सूची, परिसरातील बोलीचे शब्दसंकलन, स्थानिक संस्थांच्या कागदपत्रांचे सुबोध मराठीकरण ही अशी कामे होत. त्यांत चूक होऊ शकते आणि ती महाविद्यालयातच दुरुस्त करता येते.

६) कौशल्य शिकविणाऱ्या अध्यापकाच्या नियुक्तीचे स्थैर्य हा कौशल्यशिक्षणाच्या गुणवत्तेचा स्वतंत्र घटक मानला जावा.

पांडुरंग सांगवीकर पदवीशिवाय गावी परतला आणि एकनाथ पदवी घेऊन गावातच राहिला. दोघांच्या मध्ये चाळीस वर्षे गेली. आज त्याच गावांतून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याच्या गुणपत्रकावर मुख्य विषयाबरोबर कौशल्यांचे श्रेयांकही नोंदलेले असतील. त्या श्रेयांकांमागे एखादे खरे काम, एखादी दुरुस्त केलेली चूक आणि त्याच्याबरोबर बसून ती पाहणारा एखादा अध्यापक असेल, तरच त्या नोंदीला काही अर्थ राहील.